बाबांच्या चार्टवर एकवीस औषधं होती. आयसीयूत रोज कोण ठरवतं कुठलं हवं आणि कुठलं नको?

ओंजळ

बाबा गेल्या महिन्यात एकोणीस दिवस आयसीयूत होते. आधी न्यूमोनिया, मग संसर्ग रक्तात गेला, किडन्यांनी असहकार पुकारला, आठ दिवस व्हेंटिलेटर. आता घरी आहेत आणि माझ्यावर खेकसण्याइतके बरे आहेत. त्यामुळे हा धागा रडगाणं नाही, तक्रारही नाही. पण काही प्रश्न डोक्यातून जात नाहीयेत.

भेटायच्या वेळेत मला करण्यासारखं काहीच नसायचं. मग पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेला औषधांचा चार्ट वाचायचे. पाचव्या दिवशी मोजली, एकवीस नावं.

बाबा पंधरा वर्षं रक्तदाब कमी करायची गोळी घेतात. ती बंद, आणि रक्तदाब वाढवणारं औषध चालू! किडनी चालत नाही म्हणायचे, पण अँटिबायोटिकचा पहिला डोस नेहमीपेक्षा मोठा दिला. झोपेचं औषध चालू ठेवायचे आणि रोज सकाळी ते बंद करून बाबांना जागं करायचे. जागे झाले की ते नळ्या ओढायला बघायचे, मला बघवायचं नाही. हे नक्की काय चाललं होतं?

आणि शीर्षकातला प्रश्न. रोज एखादं नाव वाढताना दिसायचं, खोडलेलं क्वचित. हे कमी कोण करतं?

तिरपागडे

एकवीस म्हणजे फौजच की. शत्रूचं नाव चार्टवर कुठे लिहिलं होतं का?

बाबा खेकसतायत हे वाचून बरं वाटलं.

कोरा कागद

वाचतोय. आमच्याकडेही हा अनुभव ताजा आहे, पण अजून लिहवत नाही.

डॉ. अर्धशिशी

ओंजळ, एकोणीस दिवस काढून माणूस घरी आला, आधी त्याबद्दल अभिनंदन. मी आयसीयूतच काम करतो. बाबांचे कागद पाहिलेले नाहीत, म्हणून सर्वसाधारण बोलतो.

संसर्ग रक्तात पसरला की रक्तवाहिन्या सैल पडतात. घरी आपण ज्या दाबाला घाबरतो तोच दाब इथे मेंदूला आणि किडनीला रक्त पोचवत असतो, आणि तोच घसरतो. मग त्यांची नेहमीची गोळी त्या दिवसांत विषासारखी. आधी सलाईन, तेवढ्यानं भागलं नाही तर नॉरॲड्रिनलिन (नॉरॲड), म्हणजे तुम्ही पाहिलेलं दाब वाढवणारं औषध. मॉनिटरवर वरच्या-खालच्या आकड्यांबरोबर एक सरासरी दाब दिसतो, तो ६५ च्या आसपास राखायची धडपड असते. पूर्वी या कामाला डोपामिन सर्रास वापरायचे. २०१० साली १६७९ रुग्णांत दोन्हींची तुलना प्रसिद्ध झाली. मृत्यूंत ठळक फरक नव्हता, पण डोपामिन घेणाऱ्यांत हृदयाची लय बिघडण्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट निघालं. तेव्हापासून डोपामिन मागच्या बाकावर.

नॉरॲड रक्तात दोन-तीन मिनिटंच टिकतं. म्हणून ते सतत पंपावर चालतं, आणि शक्यतो मानेतल्या मोठ्या नळीतून. थोडा वेळ हाताच्या चांगल्या शिरेतून चालतं, पण तिथे बाहेर झिरपलं तर भोवतीची कातडी काळी पडू शकते.

आता सकाळी जागं करण्याबद्दल. तुम्हाला ते क्रूर वाटलं, आणि बघणाऱ्याला तसंच वाटतं. पण २००० साली शिकागोतल्या डॉक्टरांनी १२८ रुग्णांवर हेच करून पाहिलं. एका गटाचं झोपेचं औषध रोज एकदा थांबवायचं, माणूस जागा होतो का बघायचं, गरज असेल तरच पुन्हा कमी डोसवर सुरू करायचं. व्हेंटिलेटरचे दिवस मध्यक आकड्यानं ७.३ वरून ४.९ वर आले. कारण अगदी साधं आहे. मिडाझोलामसारखं झोपेचं औषध चरबीत साठतं, किडनी बंद असेल तर त्याचे अवशेषही साठतात, आणि बंद केल्यावरही माणूस दोन-तीन दिवस उठत नाही. मग प्रश्न पडतो, हा झोपलाय की मेंदूला काही झालंय?

आता तर आम्ही पहिल्यापासूनच हलकी गुंगी ठेवायला बघतो. त्याला मोजपट्टी असते, अधिक चार ते उणे पाच. हाक मारल्यावर डोळे उघडेल इतपत ठेवायचं. आणि आधी दुखणं थांबवायचं, झोप नंतर. मेंदूवरचा दाब वाढलेल्या किंवा झटके न थांबणाऱ्या रुग्णाला मात्र हा सकाळचा उपक्रम लावत नाहीत.

अँटिबायोटिकच्या मोठ्या डोसाचा प्रश्न गोळीबारसाठी सोडतो, नाहीतर तो रुसेल.

गोळीबार

रुसलोच असतो. (नवीन मंडळींसाठी: मी क्लिनिकल फार्मासिस्ट. आयडी त्यावरूनच आहे, पोलिसांशी संबंध नाही.)

ओंजळ, एक हौद डोळ्यांसमोर आणा. तो भरायला किती पाणी लागेल हे हौदाच्या आकारावर ठरतं. भरलेला ठेवायला किती पाणी सोडत राहावं लागेल, हे मोरीतून किती वाहून जातं त्यावर. मोरी तुंबली म्हणून हौद कमी पाण्यात भरत नाही!

पहिला डोस म्हणजे हौद भरणं. किडनी म्हणजे मोरी. सेप्सिसमध्ये, म्हणजे असा संसर्ग अंगभर पसरला की, रक्तवाहिन्या गळतात, लिटर-लिटर सलाईन जातं, अंगावर सूज येते. म्हणजे हौदच मोठा झालेला असतो. पाण्यात विरघळणारी अँटिबायोटिक्स त्यात पातळ होतात. म्हणून किडनी बंद असली तरी पहिला डोस पूर्ण, कधी कधी जास्तच. काटछाट करायची ती पुढच्या डोसांत. व्हॅन्कोमायसिनचा पहिला डोस किलोमागे २५ ते ३० मिलिग्रॅम देतात तो म्हणूनच. कोलिस्टिन तर भरणीच्या डोसाशिवाय सुरू केलं तर रक्तात कामाच्या पातळीला पोचायलाच दोन दिवस जाऊ शकतात. जंतूंना दोन दिवसांची सुट्टी.

उलटी तऱ्हाही असते आणि ती जास्त फसवी. तरुण माणूस, अपघात किंवा भाजलेला, क्रिएटिनिन ०.६. (क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा कचरा, किडनी तो गाळते. आकडा कमी तर किडनी ठीक, असं धरतात.) सगळे खूश. प्रत्यक्षात त्याची किडनी नेहमीपेक्षा जास्त गाळत असते, मिनिटाला १३० मिलिलिटरच्या वर. पुढचा डोस येईपर्यंत आधीचा लघवीतून गेलेला. अशा वेळी डोस वाढवावा लागतो, किंवा एकाच वेळी न देता तासन् तास हळूहळू सोडावा लागतो. आणि महिनाभर झोपून स्नायू झडलेल्या म्हाताऱ्या माणसाचंही क्रिएटिनिन ०.६ येतं, तेव्हा त्याचा अर्थ अगदी वेगळा असतो. एकच आकडा, दोन गोष्टी.

शंकासुर

ऐकायला छान आहे हो सगळं. हौद वगैरे. पण नातेवाइकाला यातलं कोण सांगतं? मी चार्ट बघायला गेलो तर "तुम्हाला काय कळणार" म्हणून बाहेर काढलं. धागाकर्ती नशीबवान, तिला वाचू तरी दिला.

आणि चुका? एकवीस औषधं, दिवसाला तीन-चार वेळा, म्हणजे साठ-ऐंशी वेळा कोणीतरी काहीतरी टोचतंय. एकदाही चुकत नाही यावर माझा विश्वास बसणं शक्य नाही.

रात्रपाळी

शंकासुर, विश्वास ठेवू नका. चुकतं. मीच सांगते, माझंच.

मी अकरा वर्षं आयसीयूत सिस्टर आहे. तिसऱ्या वर्षातली गोष्ट. आमच्याकडे नॉरॲड दोन प्रकारे लोड करायचे. 'सिंगल' म्हणजे ५० मिलिलिटरमध्ये ४ मिलिग्रॅम, 'डबल' म्हणजे ८. पहाटे चार वाजता सिरिंज संपत आली. अंगात पाणी जास्त जाऊ नये म्हणून डॉक्टरांनी डबल करायला सांगितलेलं होतं. मी डबल लोड केली, लेबल लावलं, पंपावर चढवली. वेग होता तोच ठेवला, ४.५. तो हवा होता २.२५. दोन मिनिटांत दाब २१० वर. मॉनिटर ओरडला म्हणून कळलं, नाहीतर मी पुढच्या पलंगाकडे वळले होते. थांबवलं, दाब खाली आला, रुग्णाला काही झालं नाही. नॉरॲड पटकन उतरतं हे त्या दिवशी मला वरदान वाटलं.

मी ते लिहून दिलं. ओरडा बसेल वाटलं होतं, पण आमच्या इनचार्ज सिस्टरनी वेगळंच केलं. युनिटमध्ये एकच घनता ठरवून टाकली. आता सिंगल-डबल हे शब्दच नाहीत. माझ्या जागी दुसरी कोणी असती तरी पहाटे चारला तेच झालं असतं, असं त्या म्हणाल्या. मला अजून त्यावर रडू येतं.

दुसरं म्हणजे के-सी-एल. पोटॅशियम क्लोराइडचं छोटं अँप्यूल, १० मिलिलिटर, त्यात साधारण २० मिलिइक्विव्हॅलंट. रंग पाण्यासारखा, आणि शेजारीच डिस्टिल्ड वॉटरचं तसलंच अँप्यूल. ते पातळ न करता शिरेत ढकललं तर हृदय थांबतं. पातळ करून, पंपावर, हातातल्या शिरेतून तासाला १० पर्यंत, सेंट्रल लाईन (ती मानेतली मोठी नळी) आणि मॉनिटर असेल तर २० पर्यंत. म्हणून शहाण्या ठिकाणी ते उघड्या ट्रेमध्ये ठेवतच नाहीत. वेगळं कपाट, वेगळं लेबल, आणि देताना दुसरी सिस्टर स्वतंत्रपणे तपासते. स्वतंत्रपणे म्हणजे "बघ गं, हे बरोबर आहे ना" असं नाही. तिनं ऑर्डर वाचून स्वतः हिशोब करायचा, मग दोघींचे आकडे जुळवायचे.

आणि एक विनंती. मी औषध लोड करत असते तेव्हाच नेमकं कोणीतरी विचारतं, "सिस्टर, आज डोळे उघडले का?" तुमची तळमळ कळते. पण ती दोन मिनिटं द्या.

ओंजळ

रात्रपाळी ताई, मी हेच केलंय. कितीतरी वेळा. सॉरी.

रात्रपाळी

अगं सॉरी काय त्यात. सगळेच करतात. राउंडवरचे डॉक्टर सगळ्यात जास्त.

डॉ. अर्धशिशी

मान खाली घालून मान्य.

पंपमास्तर

मी बायोमेडिकल इंजिनिअर, त्या पंपांचा वैद्य. रात्रपाळींच्या किश्शात थोडी भर.

सिरिंज पंपाला लोक घड्याळासारखं समजतात. तासाला ५ सांगितलं की ५ जाणार. पण नवी सिरिंज चढवली की दट्ट्या आणि पंपाचा पंजा यांच्यात किंचित फट असते. वेग तासाला एक-दोन मिलिलिटर असेल तर ती फट भरेपर्यंत काही मिनिटं रुग्णाकडे काहीच जात नाही. नॉरॲड दोन-तीन मिनिटं टिकणारं. म्हणजे सिरिंज बदलताना दाब कोसळतो तो औषध 'संपलं' म्हणून नाही, सुरू व्हायला उशीर लागला म्हणून. यावर उपाय म्हणजे रुग्णाला जोडण्याआधी पंपावरच नळी भरून घेणं, किंवा दुसरा पंप आधी सुरू करून मग पहिला हळूहळू उतरवणं.

आणखी एक. ज्या नळीतून नॉरॲड चाललंय त्याच नळीत दुसरं इंजेक्शन ढकललं, तर नळीत असलेलं सगळं नॉरॲड एकदम आत. दाब आकाशात. म्हणून त्याला स्वतंत्र मार्ग ठेवतात आणि त्यावर ठळक पट्टी चिकटवतात.

नव्या पंपांत औषधांची यादी आणि डोसाची मर्यादा भरलेली असते, चुकीचा आकडा टाकला तर तो अडवतो. पण घाईत लोक यादी टाळून नुसता वेग टाकतात. तेव्हा तो हुशार पंप पुन्हा आमच्या जुन्या ढब्बू पंपाइतकाच हुशार.

तिरपागडे

पंप हुशार, माणूस घाईत. आमच्या ऑफिसचंही हेच वर्णन आहे.

शंकासुर

रात्रपाळी, तुम्ही जे लिहिलंत ते लिहायला धैर्य लागतं. माझा सूर जरा चढा होता, मागे घेतो. पण डॉक्टरांना एक प्रश्न आहेच. तुमचे नियम दर पाच-सात वर्षांनी बदलतात. माझ्या आईच्या वेळी साखर ११० च्या खाली ठेवायचा हट्ट होता, दर तासाला बोट टोचायचे. आता १८० चालते म्हणे. मग तेव्हा काय करत होतात?

डॉ. अर्धशिशी

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर फार गौरवशाली नाही.

२००१ साली बेल्जियममधल्या लुव्हेनच्या आयसीयूतून एक अभ्यास आला. बहुतेक शस्त्रक्रियेचे रुग्ण, साखर ८० ते ११० मध्ये काटेकोर ठेवली, आयसीयूतले मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६ वर आले. आम्ही सगळे भारावलो. जगभर इन्सुलिनचे पंप लागले. मग २००९ साली नाइस-शुगर नावाचा अभ्यास आला, ६१०४ रुग्ण, अनेक रुग्णालयं. काटेकोर गटात ९० दिवसांत २७.५ टक्के गेले, १८० पर्यंत सूट असलेल्या गटात २४.९. साखर धोकादायक खाली जाण्याचं प्रमाण ६.८ टक्के विरुद्ध ०.५. बेशुद्ध माणसाला घाम फुटला, हात थरथरले, हे तो सांगणार कसा?

तर होय, मधली काही वर्षं आम्ही चांगल्या हेतूनं काही जणांचं नुकसान केलं असणार. आज १८० ओलांडली की इन्सुलिन सुरू करतात आणि १४० ते १८० मध्ये ठेवायला बघतात.

याहून जुनं उदाहरण हवं असेल तर एटोमिडेट. गुंगीचं छान औषध, दाब पाडत नाही म्हणून आयसीयूत ते तासन् तास चालवायचे. १९८३ साली लक्षात आलं की त्यावर ठेवलेले अपघातग्रस्त जास्त दगावतायत. ते शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनणंच रोखतं. तेव्हापासून त्याचा सततचा ठिबक बंद.

आणि व्हिटॅमिन सी विसरू नका. २०१७ साली सेप्सिसवर त्याच्या मोठ्या डोसांचा केवढा गाजावाजा झाला! नातेवाईक व्हॉट्सॲपवरचे मेसेज घेऊन यायचे, "डॉक्टर, हे का देत नाही?" २०२२ च्या मोठ्या अभ्यासात ते घेणाऱ्यांचं उलट जास्त वाईट झालं.

शंकासुर

"आम्ही नुकसान केलं असणार" असं डॉक्टरनं लिहिलेलं पहिल्यांदा वाचलं. बास, माझं समाधान झालं.

निवांत_नाना

मी त्या पलंगावर अकरा दिवस झोपलेला माणूस आहे. इथे सगळे उभे असलेले बोलतायत, एक आडवाही बोलू दे.

मला छतावर मुंग्या दिसायच्या. रांगेनं चालायच्या आणि मधोमध एका भोकात जायच्या. सिस्टर मला विष देतायत अशी माझी खात्री पटली होती, म्हणून मी हात झटकायचो. मुलाला वाटलं बापाचं डोकं फिरलं. नंतर कळलं की याला डिलिरियम म्हणतात, आयसीयूत फार जणांना होतो, आणि गुंगीची काही औषधं तो वाढवतात. माझं औषध बदललं, चष्मा दिला, कानाचं यंत्र दिलं, रात्री दिवे मंद केले. मुंग्या गेल्या.

ओंजळ, बाबा नळ्या ओढायचे तेव्हा ते तुम्हाला ओळखत होते का, हे त्यांना विचारा कधीतरी. मला माझा मुलगा ओळखू यायचा, पण तो कटात सामील आहे असं वाटायचं. हसू नका. आता मीही हसतो.

डॉ. अर्धशिशी

नाना, दंडवत. औषध देण्याआधी चष्मा द्या, हे मी दर नव्या डॉक्टरला सांगतो. बेन्झोडायझेपिन, म्हणजे मिडाझोलामचं कुटुंब, डिलिरियम वाढवतं. म्हणून आता जमेल तिथे प्रोपोफॉल किंवा डेक्समेडेटोमिडिन वापरतात. त्यांचेही तोटे आहेतच. प्रोपोफॉल किलोमागे तासाला ४ मिलिग्रॅमच्या वर दोन दिवसांपेक्षा जास्त चालवलं तर क्वचित जीवघेणा प्रकार होतो, डेक्समेडेटोमिडिननं नाडी मंदावते.

मृण्मयी०७

सासऱ्यांना पार्किन्सन्स. पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन, मग आयसीयू. भरती करताना धावपळीत आम्ही रक्तदाब, साखर एवढंच सांगितलं. पार्किन्सन्सच्या गोळ्या माझ्या पर्समध्ये राहिल्या, कारण त्या "मेंदूच्या" आणि हे तर हाडाचं! तिसऱ्या दिवशी ते लाकडासारखे ताठ झाले. गिळता येईना, ताप. संसर्ग म्हणून तपासण्या सुरू झाल्या. वर मळमळीसाठी मेटोक्लोप्रमाइड दिलं जात होतं.

एका नव्या, शिकाऊ डॉक्टर मुलीनं मला विचारलं, "घरी कसे चालायचे?" मी म्हटलं, छोटी छोटी पावलं टाकत. ती जी पळाली! नाकातल्या नळीतून गोळ्या सुरू झाल्या आणि दोन दिवसांत सासरे वळून बघायला लागले.

गोळीबार

मृण्मयी, हे प्रत्येकानं वाचावं. लेवोडोपा, म्हणजे पार्किन्सन्सचं मुख्य औषध, एकदम थांबवलं की अगदी असंच होतं, आणि मेटोक्लोप्रमाइड किंवा हॅलोपेरिडॉल म्हणजे आगीत तेल. त्या मुलीला माझा सलाम सांगा.

अचानक थांबवायची नाहीत अशी आणखी औषधं आहेत. फिट्सची, बीटा-ब्लॉकर, क्लोनिडिन, आणि बरेच दिवस घेतलेलं स्टिरॉइड. शेवटच्यात गोची अशी की काही जणांना आपण स्टिरॉइड घेतोय हेच माहीत नसतं. सांधेदुखीसाठी कोणीतरी दिलेल्या बिननावाच्या गोळ्या, वर्षभर. आयसीयूत नॉरॲड वाढवत नेलं तरी दाब उठत नाही. मग हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे स्टिरॉइडच, दिलं की उठतो. म्हणून लाज न बाळगता सगळं सांगा, पिशवी उचलून आणा.

दोन औषधांचं भांडण हाही मोठा विषय आहे. फिट्ससाठी व्हाल्प्रोएट घेणाऱ्याला मेरोपेनेम हे अँटिबायोटिक सुरू केलं तर एका दिवसातच व्हाल्प्रोएटची पातळी कोसळते आणि फिट्स परत येतात. डोस वाढवूनही फारसं भागत नाही, दोघांपैकी एक बदलावंच लागतं. फेनिटोइन हे फिट्सचंच दुसरं औषध ग्लुकोजच्या सलाईनमध्ये मिसळलं तर त्याचे कण बनतात. नळीतून फीड चालू असताना दिलं तर ते नीट शोषलं जात नाही. फेनिटोइनचा रिपोर्टसुद्धा फसवा. ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरतं, आणि काम करतो तो मोकळा भाग. अल्ब्युमिन २ वर आलेल्या रुग्णाचा रिपोर्ट ८ आला, लॅबनं 'कमी' म्हणून खूण केली. नेहमीच्या सूत्रानं दुरुस्त केला तर तो १६ भरतो, म्हणजे अगदी योग्य. ती खूण बघून डोस वाढवला असता तर माणूस औषधानंच भेलकांडला असता.

आणि नाकातल्या नळीतून देण्यासाठी गोळ्या सरसकट कुटू नका! दिवसभर हळूहळू सुटणारी गोळी कुटली की दिवसाचा डोस एका घोटात जातो.

तिरपागडे

गोळीबार सुरू झाला की थांबत नाही हे आयडीवरूनच कळायला हवं होतं.

डॉ. अर्धशिशी

थांबवू नका त्याला. १९९९ साली अमेरिकेत एका आयसीयूत फार्मासिस्टला राउंडवर नेऊन पाहिलं. ऑर्डर लिहिण्यातल्या, टाळता येणाऱ्या चुकांमुळे होणारे अपाय दर हजार रुग्ण-दिवसांमागे १०.४ वरून ३.५ वर आले. हा प्राणी डोकं खातो, पण कामाचा आहे.

गोळीबार

स्क्रीनशॉट काढलाय.

ओंजळ

किती शिकले या धाग्यातून! पण माझा शीर्षकातला प्रश्न तसाच राहिला. वाढवतं कोण ते कळलं. कमी कोण करतं?

रात्रपाळी

खरं सांगू? औषध सुरू करताना काहीतरी झालेलं असतं. दाब पडला, ताप आला, उलटी झाली. बंद करताना काहीच झालेलं नसतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. आमच्याकडे आता राउंडला प्रत्येक औषधापुढे दोन शब्द वाचून दाखवावे लागतात, कशासाठी आणि कितवा दिवस. "मेरोपेनेम, न्यूमोनिया, दिवस नववा." नववा ऐकल्यावर कोणीतरी भुवई उंचावतंच. व्हेंटिलेटरवरच्या न्यूमोनियाला बहुतेकदा सात दिवस पुरतात.

डॉ. अर्धशिशी

आणि जे औषध आयसीयूत योग्य होतं ते पुढे चिकटून राहतं. पँटोप्राझोल या ॲसिडिटीच्या गोळीचंच बघा. व्हेंटिलेटरवर असताना पोटात रक्तस्राव होऊ नये म्हणून देतात, आणि उपयोग होतो. २०२४ साली ४८२१ रुग्णांच्या अभ्यासात गंभीर रक्तस्राव ३.५ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आला. नळी निघाली, माणूस खायला लागला, की बहुतेकांचं कारण संपतं. पण गोळी वॉर्डात जाते, वॉर्डातून डिस्चार्ज कार्डावर, तिथून घरी. डिलिरियमच्या औषधांचंही तेच.

ओंजळ, बाबांचं कार्ड काढून बघा. स्वतःहून काही बंद करू नका, पण प्रत्येक नावापुढे "हे कशासाठी, कधीपर्यंत" एवढं लिहून फॉलोअपला घेऊन जा.

ओंजळ

काढलं. पँटोप्राझोल दिवसातून दोनदा, "चालू ठेवणे". रात्री क्वेटियापिन, ते डिलिरियमसाठीचं. रक्तदाबाच्या गोळीचा उल्लेखच नाही. परवा फॉलोअप आहे, सांगते.

कोरा कागद

आमच्या कार्डावरही पँटोप्राझोल आहे. चार महिने झाले. आज विचारतो.

ओंजळ

जाऊन आलो. डॉक्टरांना कागद दाखवला तर ते रागावले नाहीत, पेन काढून बसले. पँटोप्राझोल बंद. क्वेटियापिन आधी अर्धं, आठवड्यानं बंद. रक्तदाब १५८ भरला, जुनी गोळी कमी डोसवर परत सुरू, पंधरा दिवसांनी क्रिएटिनिन तपासायचं.

नाना, बाबांना विचारलं. ते म्हणाले, मी दिसायचे, पण मी लहान होते, शाळेच्या दप्तरासकट. पुढे बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

तिरपागडे

एकवीसवरून किती उरली?

ओंजळ

सहा. त्यातला एक डोळ्यांत घालायचा थेंब आहे, काचबिंदूचा, कितीतरी वर्षं चालू. आत्ता लिहिताना लक्षात आलं, तो आयसीयूतल्या चार्टवर कधीच नव्हता. एकोणीस दिवस कोणी घातलाच नाही. मीही सांगितलं नाही.

रात्रपाळी

डोळ्यांच्या डॉक्टरांना या आठवड्यातच दाखव. दाब मोजून घे. आणि स्वतःला बोल लावत बसू नकोस, आम्हीही कुठे विचारलं होतं.